एकदा हाव, दोनदा न्हाई

आमच्या घरात भूत नाही, हे मी आजवर चार ठिकाणी लेखी दिलेलं आहे. कॉलेजच्या प्राचार्यांना, कॉलनीच्या अध्यक्षांना, जमिनीतल्या आवाजांची नोंद ठेवणाऱ्या एका कार्यालयाला आणि माझ्या सासऱ्यांना. पहिल्या तिघांनी साधी पोचसुद्धा दिली नाही. सासऱ्यांनी ते पत्र देवघरात ठेवून त्याला अंगारा लावला, असं ऐकतो.

मी रामलिंग बिराजदार. लातूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्याला एकवीस वर्षं झाली. 'भूत, भय आणि भौतिकशास्त्र' हे माझं व्याख्यान औशापासून देगलूरपर्यंत सदतीस गावांत झालंय. लिंबू कापलं की आतून लाल कसं निघतं, नारळ आपोआप पेट कसा घेतो, हे सगळं मी करून दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात. कार्यक्रम संपल्यावर मात्र त्या लिंबाला हात लावायला कुणी धजत नाही, ते मलाच पिशवीत घालून घरी आणावं लागतं. असा मी माणूस. आणि हाच माणूस गेल्या जानेवारीत, भरदुपारी, स्वतःच्या घरात न्हाणीचं दार उघडं ठेवून आंघोळ करत होता. हसा खुशाल. मीही हसलो असतो, पण भिंत बोलायला लागली की हसायचं राहून जातं.

झालं असं, की माझे वडील, व्यंकटराव, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गेल्या भाद्रपदात गावी वारले. त्याआधी दोन वर्षं त्यांना पक्षाघात झालेला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला आणि त्या हातात काठी. खाटेवर पडल्या पडल्या ते काठी भिंतीवर आपटायचे. एकदा आपटली की हाव, दोनदा आपटली की न्हाई. माझ्या आईनं, सरस्वतीबाईनं, या दोन आवाजांवर दोन वर्षं संसार केला. "चहा ठिवू का?" ठक. "ऊन लागून राहिलं का?" ठक. "रामलिंगला फोन लावू का?" ठक ठक. हे शेवटचं मला फार उशिरा कळलं.

आप्पांच्या मागे आईला मी लातूरला आणलं. तिच्या हृदयाची तक्रार जुनीच. डॉक्टरांनी एक पांढरी बारकी गोळी दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाकीच्या चुकल्या तर चुकू द्या. ही चुकली तर आजी जाणार." आईनं ती गोळी दोन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ते न्हाईत, आता गोळी कुणासाठी गिळू?" आम्ही समोर उभे राहिलो की ती गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची, आणि आमची पाठ वळली की तुळशीच्या कुंडीत थुंकायची. माझी बायको बबिता एक दिवस कुंडी उकरायला बसली तर आत अकरा गोळ्या. डिसेंबरात आईला दवाखान्यात पाच दिवस ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला मला बोलवू नका, वेळ मिळणार नाही.

आणि मग जानेवारीत, एका गुरुवारी दुपारी साडेतीनला, आईच्या खोलीच्या भिंतीतून आवाज आला. ठक.

मी बाहेरच्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत होतो. बबिता स्वयंपाकघरात होती. आई आपल्या खोलीत एकटीच होती, आणि तिचा आवाज आला, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसा.

"आलाव का ओ?"

ठक.

बबिताच्या हातातून झाकण पडलं. ते गोल गोल फिरत बसलं, त्यानं मी आणखी घाबरलो. मी खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि उंबऱ्यावरच थांबलो. आई भिंतीकडं तोंड करून खाटेवर बसली होती.

"गोळी घिऊ का?"

ठक.

आईनं उशीखालची पुडी काढली, गोळी तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी प्याली आणि माझ्याकडं बघून आ करून दाखवलं. गिळली होती.

आता मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? विज्ञानाचं म्हणणं होतं की जाऊन भिंत तपास. पोटच्या पोराचं म्हणणं होतं की गप बस. आणि या दोघांच्या मध्ये जो मी होतो, तो उंबऱ्यावरून मागं सरकत होता. मी पेपरांकडं परत गेलो आणि एका मुलाला शंभरपैकी एकशे दोन गुण दिले.

आप्पा रोज येत नसत. आठ दिवसांनी, कधी नऊ दिवसांनी, कधी दुपारी, कधी सकाळी दहाच्या सुमाराला. आईनं त्यावरही तोड काढली. ती भिंतीतून आठवड्याचं एकदमच भरून घ्यायची. "सुक्करवारची घिऊ का?" ठक. "शनवारची?" ठक. दोनदा वाजलं की म्हणायची, "थट्टा करू नका, नीट सांगा," आणि पुन्हा एकदाच वाजेपर्यंत थांबायची. आठ गोळ्यांची आठ हाव मिळाली की ती रोज एक गोळी न कुरकुरता घ्यायची. शहाण्या वाचकाला सगळा प्रकार इथंच कळला असेल. मला दोन महिने लागले, आणि मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे.

माझ्या भीतीबद्दल एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. आप्पा गेले त्या दिवशी मी नांदेडला होतो. व्याख्यान होतं. व्याख्यानाच्या आधी मी फोन बंद करतो, शिस्त म्हणून. तीन तासांनी चालू केला तेव्हा त्यावर एकोणीस मिस्ड कॉल होते. मी गावी पोचलो तेव्हा माझ्यासाठी थांबलेले लोक उन्हात उभे होते. आप्पांचा जीव जायला दीड तास लागला होता. कुणी मला एका शब्दानं काही बोललं नाही. आईही नाही. म्हणून भिंतीतून हाव-न्हाई यायला लागलं तेव्हा माझी भीती वेगळीच होती. भिंतीत आप्पा नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. पण एक दिवस आई त्यांना माझ्याबद्दल विचारेल, आणि भिंत काहीतरी उत्तर देईल, ही ती भीती. आवाज सुरू झाला की मी तिच्या दाराबाहेर कान लावून उभा राहायचो. गोळ्यांचे प्रश्न संपले की मी पेपरांकडं परत जायचो.

शेजारी गुरुपादप्पा. मूळचे निलंग्याकडचे, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हे कळायला फार वेळ लागला नाही, कारण बबितानं त्यांच्या बायकोला कुणाला सांगू नका असं सांगितलं होतं.

"अय्यो सर, ही गोष्ट तोंडी ठेवायची न्हाई," ते म्हणाले. "नोंद पायजे. नोंदवही पायजे. मी घालतो."

आणि त्यांनी खरोखरच लाल बाइंडिंगची नोंदवही घातली. तिथी, वार, नक्षत्र, आवाजांची संख्या, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ते 'समाधानकारक' असं लिहीत. महिनाभरात त्यांनी अनुमान काढलं की आप्पांचा ओढा भरणी नक्षत्राकडं आहे. मला हसू आलं. पण मग मीही काय केलं? मी आलेख काढला. तारीख, वेळ, तापमान, वाऱ्याचा वेग. एक्स अक्ष, वाय अक्ष. आलेखावर ठिपके होते, रेघ मात्र कुठं निघत नव्हती. भिंतीच्या अलीकडं मी आणि पलीकडं गुरुपादप्पा, दोघं अगदी मन लावून चुकत होतो.

शेवटी वाटलं, जमिनीतूनच आवाज येत असतील. आमच्या भागात असे आवाज येतात, पोरासोरांनाही ठाऊक आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तर जमीन नुसती कण्हली तरी माणसं अंथरुणं घेऊन अंगणात येतात. मी रीतसर अर्ज लिहून त्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब अर्ज दोनदा वाचून म्हणाले, "कॉलनीत आणखी कुठल्या घरी आवाज आला?"

"नाही. फक्त आमच्या घरी. एकाच खोलीत. एकाच भिंतीत."

"सर, भूकंप एका भिंतीपुरता नसतो."

"ते मलाही माहीत आहे. मी फिजिक्सचा आहे."

"आणि इथं तुम्ही लिहिलंय, 'प्रश्न विचारल्यास प्रतिसाद मिळतो.' आमच्या नमुन्यात असा रकाना नाही. तलाठ्याचा पंचनामा आणा, मग बघू."

तलाठी म्हणाले, भिंतीला तडा असेल तर पंचनामा होतो, आवाजाचा होत नाही. मी परत कार्यालयात आलो. साहेबांनी अर्ज परत दिला, दारापर्यंत सोडायला आले, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सर, पुढच्या वेळी ते आले की माझं एक विचारता का? बदली संभाजीनगरला होईल का, एवढंच. हो की नाही एवढंच पायजे."

भिंतीवर त्यांच्या मागं पृथ्वीच्या पोटाचा मोठा रंगीत तक्ता लावलेला होता. मी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि जिना उतरलो.

यानंतर आला दयानंद. बबिताचा भाचा, नांदेडला असतो. कधीकाळी माझ्याच वर्गात होता, चुंबकत्वात नापास झाला होता. आता त्याचं यूट्यूबवर भुतं शोधायचं चॅनल आहे. काळा टीशर्ट, पाठीवर कवटी, हातात बीप बीप करणारं यंत्र. येताना अर्धापूरची केळी घेऊन आला, म्हणून मला त्याला हाकलता आलं नाही.

"सर, मी अंधश्रद्धावाला नाही," तो म्हणाला. "मी सायंटिफिक आहे. हे बघा, मीटर आहे. चुंबकीय क्षेत्र मोजतंय."

यंत्र स्वयंपाकघरात जाऊन जोरात ओरडलं.

"तो फ्रिज आहे," मी म्हणालो.

"सर, फ्रिजपाशी का उभं राहू नये त्यांनी?"

मग तो आईच्या खोलीत गेला, कॅमेरा लावला आणि भिंतीला म्हणाला, "क्या यहाँ कोई है? अगर आप हैं, तो हमें संकेत दीजिए."

आई म्हणाली, "हिंदीत कामून बोलून राहिलास रे? आप्पा हायत ते. मराठीत इचार."

त्या दिवशी भिंत काही वाजली नाही. तीन तास झाले. मी दारात उभा होतो, आणि खरं सांगतो, वाजू नये म्हणून मनात धावा करत होतो. कुणाचा धावा, ते विचारू नका. इतक्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि मी जागच्या जागी वीतभर उडालो. तेवढं त्यानं नेमकं टिपलं. चार दिवसांनी व्हिडिओ आला. सुरुवातीलाच माझा चेहरा, डोळे वटारलेले, भोवती लाल वर्तुळ, आणि खाली अक्षरं: 'फिजिक्स के सर भी काँप उठे!' भिंतीचे आवाज त्यानं मागाहून भरले होते. आठवड्यात दोन लाख लोकांनी पाहिला. माझं सदतीस गावांतलं व्याख्यान सगळं मिळून अकराशे लोकांनी ऐकलं असेल.

वर्गात गेलो. न्यूटनचा तिसरा नियम शिकवला आणि सवयीनं विचारलं, "कळलं का?" सत्तर मुलांनी एकदम बाकावर मूठ आपटली. ठक. "काही शंका?" ठक ठक. मी खडू खाली ठेवला. या मुलांना मी दोन वर्षं बोलतं करायचा प्रयत्न करत होतो.

अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन. नांदेडच्या एका कॉलेजचं निमंत्रण महिनाभर आधीच घेतलेलं होतं, त्यामुळे जावं लागलं. सभागृह तुडुंब. माझ्या आयुष्यात एवढी गर्दी पहिल्यांदाच, आणि ती कशासाठी आली होती हे मला व्यासपीठावर चढतानाच कळलं. त्या दिवशी मी फोन बंद केला नाही. खिशात चालू ठेवला, आणि बोलताना हात खिशावर. मध्येच तो थरथरला. मी लिंबू कापता कापता थांबलो, सगळ्यांसमोर फोन काढला. कुठल्याशा लोनवाल्याचा होता. पण लिंबू परत हातात घेतलं तरी नजर खिशाकडंच जात होती, सुरी दोनदा हुकली. पहिल्या रांगेतला एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "सरला आता दिसून राहिलं बघ."

प्रश्नोत्तरांत विज्ञानाचा एकही प्रश्न आला नाही. प्राध्यापकांनी आणि पालकांनी विचारलं ते एकच, तुमच्या आप्पांना प्रश्न विचारायला नंबर कसा लावायचा. आभार मानणाऱ्या मॅडमनी माईक बंद करून विचारलं, "सर, आमचे मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. तुमच्या वडिलांची त्यांची तिकडं भेट होत असेल का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी एरवी याला लांबलचक उत्तर देतो. त्या दिवशी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे माझं मलाही सांगता यायचं नाही. अहमदपूर येईपर्यंत एसटीत मी डोळे मिटून बसलो होतो.

मार्चात स्वयंपाकघराचा नळ गळायला लागला म्हणून बबितानं नरसिंग प्लंबरला बोलावलं. तो नळाचा वायसर बदलत होता आणि आतून आईच्या खोलीत आवाज सुरू झाले. ठक. ठक. मी दाराशी धावलो. नरसिंग हातातलं काम सोडून कान देऊन ऐकत राहिला.

"सर, तुमच्या पायपाची क्लिप तुटली हाय."

"काय?"

त्यानं मला बाहेर नेलं. घर आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये दीड फुटाची बोळ आहे, तिथून नळाची लाइन टाकीकडं जाते, आईच्या खोलीच्या भिंतीला लागून. पाइप थांबून थांबून भिंतीवर आपटत होता.

"आठ दिवस लाइन कोरडी ऱ्हाती. पाणी सुटलं की आदी आतली हवा धकलून येती, मागून पाणी. क्लिप नसली की पाइप उड्या मारतो. धा-पंधरा मिंटं. मग पाणी आलं की शांत."

आणि तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलं!" आणि कॉलनी बादल्या, पाइप, मोटारी घेऊन धावली, दर आठ दिवसांनी धावते तशी. मीही दर वेळी त्यातच धावत होतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बबिता पाण्याच्या दिवसावर पेननं गोल करते. मी आत जाऊन ते गोल आणि माझा आलेख शेजारी शेजारी धरले. सगळे ठिपके गोलात बसले. दोन महिने पुरावा दुधाच्या हिशेबाशेजारी टांगलेला होता.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी नरसिंगकडून तिथल्या तिथं दोन भक्कम क्लिपा ठोकून घेतल्या. सगळ्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'रहस्य उलगडले. कारण: पाइपमधील हवा.' गुरुपादप्पांनी नोंदवहीत शेरा मारला, 'असहमत'. दयानंदनं खाली हसऱ्या भुताचं चित्र टाकलं. मला काही फरक पडला नाही. दोन महिन्यांनी मी न्हाणीचं दार लावून आंघोळ केली आणि गाणंही म्हटलं.

आईला मात्र मी काही सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हणत राहिलो.

नऊ दिवसांनी पाणी आलं. भिंत गप्प. आई सकाळपासून तिकडं तोंड करून बसली होती. "आलाव का ओ?" तिनं विचारलं. थोड्या वेळानं परत विचारलं. आम्ही टाक्या भरल्या, गल्ली शांत झाली, तरी ती विचारत होती. संध्याकाळी बबितानं गोळी पुढं केली तर तोंड मिटून घेतलं.

"त्येनी काय सांगितलं न्हाई. मी घेत नसते."

"आई, तो पाइप होता," मी म्हणालो. सांगून टाकलं, सगळं, हवा, पाणी, क्लिप. फळ्यावर सांगतो तसं नीट सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग पायपाला बोलव."

पाच दिवस गोळी नाही. जेवण अर्धं. पायावर सूज आली, बोटानं दाबलं की खड्डा राहायचा. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, आजीला कसंही करून गोळी द्या, कसं ते तुम्ही बघा. भाजीत कालवून दिली तर तिनं ताटच सरकवलं. ती रात्रंदिवस त्या भिंतीकडं बघत बसायची आणि मी तिच्याकडं. भुताच्या भीतीला एक बरं असतं, दिवा लावला की कमी होते. ही भीती दिव्याखालीही तशीच राहत होती. मीच दोन क्लिपा ठोकून माझ्या आईला मारतो आहे, असं मला वाटायला लागलं.

मी नरसिंगकडं गेलो. "त्या क्लिपा काढून दे."

"काढून? कामून?"

"पाइप वाजायला पाहिजे."

नरसिंगनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "सर, पंधरा वर्षं झाली मला या धंद्यात. बिघडलेलं नीट करायला लोक बोलवतेत. नीट केलेलं बिघडवायला तुम्हीच पहिले. मी न्हाई करत. माझं नाव खराब हुतंय."

मी स्वतःच पाना घेऊन बोळीत शिरलो. क्लिपा तसूभर हलल्या नाहीत. इतकं चोख काम माझ्या घरात दुसरं कुणी केलेलं नाही.

पाण्याचा पुढचा दिवस रविवारी आला. दुपारी बारा. पाइपमधून हवेची सूं ऐकू आली आणि मी चप्पलसुद्धा न घालता बोळीत गेलो. दीड फुटात पंचेचाळीस वर्षांचा माणूस सरळ मावत नाही. मी आडवा शिरलो, पोट एका भिंतीला, पाठ दुसऱ्या. तोंडावर कोळिष्टकं. उजव्या हातात पाना. वर आईच्या खोलीचा, न्हाणीच्या खिडकीएवढा झरोका आहे, त्यातून तिचा आवाज आला.

"आलाव का ओ?"

मी डोळे मिटले आणि पाना भिंतीवर आपटला. ठक.

"लई दिस लावलाव," आई म्हणाली, आणि तिचा आवाज असा ओला झाला की मला पाना टाकून पळून जावंसं वाटलं. "सोमवारची घिऊ का?"

ठक.

"मंगळवारची?"

ठक.

बुधवारच्या गोळीपाशी आलो तेव्हा माझ्या डोक्यावर सावली पडली. वर पाहिलं तर कंपाउंडवरून गुरुपादप्पा डोकावत होते, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. ते माझ्याकडं बघत होते, माझ्या पान्याकडं बघत होते. सदतीस गावांत व्याख्यान देणारा माणूस बोळीत आडवा अडकून भूत झालेला त्यांनी पाहिला. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली. मी आईची रविवारपर्यंतची सगळी हाव देऊन टाकली. पुढून बबिता ओरडत होती, "अहो, मोटार लावा! कुठं मेलात?"

झालं, सुटलो, असं वाटलं. मी बाहेर सरकायला लागलो.

"आन एक," आई आतून म्हणाली.

मी थांबलो.

"तुमी गेलाव त्या दिशी पोरगं येळेवर आलं न्हाई. त्याचा राग हाय का तुमच्या मनात?"

गल्लीत मोटारी सुरू झाल्या होत्या, बायका ओरडत होत्या, पण मला काही ऐकू येत नव्हतं. ज्या प्रश्नासाठी मी दोन महिने दाराबाहेर उभा राहून घाबरत होतो, तो प्रश्न आला होता, आणि उत्तराचा पाना माझ्याच हातात होता. दोनदा आपटायचं, एवढंच काम. पण हात उचलेना. स्वतःची माफी स्वतःच कशी वाजवायची? आणि आई तर वाट बघत होती. उन्हात उभे असलेले ते लोक डोळ्यांसमोर आले, आणि मी लहान पोरासारखा भिंतीला कपाळ टेकून उभा राहिलो.

ठक. ठक.

माझा पाना खाली होता. क्लिपा घट्ट होत्या. गुरुपादप्पांच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या, आणि त्यांचे डोळे माझ्याइतकेच मोठे झाले होते.

मग भिंतीच्या पलीकडं, आत, तांब्या जमिनीवर टेकवल्याचा बारीक आवाज झाला.

"दोनदा वाजलं," आई म्हणाली. आता ती भिंतीशी बोलत नव्हती, झरोक्याकडं तोंड करून बोलत होती. "न्हाई म्हणलेत ते. ऐकलास का रे रामलिंग?"

मी पाना उचलला आणि भिंतीवर एकदा आपटला.